ट्रिगर शेवटी

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. रायफल घेऊन अंधेरीला, श्यामसुंदर सरांकडे. दरवर्षीचा रिवाज! त्यांच्या हाताखाली नेमबाजी शिकलेल्या सगळ्यांनी आपापली रायफल आणायची, दिवाणखान्यात सतरंजीवर ओळीने मांडायची, आणि सरांनी एकेकीला हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता वाहायच्या. चांगली शिकलीसवरलेली, परवानाधारक माणसं हात जोडून उभी असतात. शौनक याला 'रायफलींचं हळदीकुंकू' म्हणतो. नवऱ्याच्या मानाने विनोद बरे करतो.

यंदा सरांचा उत्साह दांडगा. एरवी गोळी भरायच्या बोल्टवर मोजके दाणे अलगद ठेवणारा माणूस, आज लग्नात टाकतात तशा अक्षता! माझ्या रायफलीवर, सतरंजीवर, माझ्या केसांत. एक दाणा तर माझ्या चहात. प्रेमाकाकू म्हणजे सरांच्या मिसेस. त्या म्हणाल्या, "अहो, पूजा आहे ही, पेरणी नाही!" सगळे हसलो. सरही हसले, हात पुसत.

निघताना मी नेहमीचं विचारलं, "दात दाखवायला कधी येताय?" वरची एक दाढ वर्षभर दुखतेय त्यांची, आणि स्वतःची विद्यार्थिनी मुलुंडला दातांची डॉक्टर! तर नेहमीचंच उत्तर. "येतो गं. आधी तुझी निवड स्पर्धा होऊ दे."

नोव्हेंबरच्या मध्यात राज्याच्या संघाची निवड. त्रेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि पहिल्यांदाच वाटतंय की जमेल. लिहायलासुद्धा भीती वाटते. दृष्ट लागायची.

५ ऑक्टोबर, रविवार

लागली दृष्ट. वाट लागली!

रेंजवर सुरुवात झकास. पोटावर पालथी, पट्टा दंडात घट्ट, श्वास जागेवर. एकावर एक गोळ्या दहाच्या वर्तुळात. आणि मग अचानक एक आठात. मला कळलंच नाही! चुकलं की नेमबाजाला आधीच कळतं, बोट दाबतानाच. इथे काहीच नाही. सगळं छान, आणि गोळी भलतीकडे, वर-उजवीकडे. पुन्हा चार चांगल्या, पुन्हा एक पळपुटी.

सर मागे खुर्चीवर, हात खिशात. "काय केलंस?"

"काहीच नाही केलं, सर."

"मग तेच शोधायचं."

६ ऑक्टोबर

रायफल बिघडली असेल तर दुरुस्त होते. हात बिघडला असेल तर?

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल एवढंच लिहून वही मिटली. आज धीटपणे लिहिते. दहाचं वर्तुळ गेलं चुलीत, संघही गेला. याच उजव्या हातात रोज फिरतं ड्रिल असतं आणि ते लोकांच्या तोंडात असतं! हात मला न सांगता हलायला लागला असेल तर रायफल नाही, क्लिनिक बंद करावं लागेल. मग करू काय? शौनकच्या डब्याच्या पोळ्या?

आणि नेमकं आज वनमालाबाई खुर्चीत. रूट कॅनालची तिसरी बैठक. चूळ भरून म्हणाल्या, "डॉक्टर, आज हात जरा जड लागला हो तुमचा." झालं! दिवसभर तेच डोक्यात. त्यांना गेल्या वेळीही जड लागला होता, त्याच्या आधीच्या वेळीही. त्यांना कापूसही जड लागतो. पण मन ऐकतंय थोडंच!

जेवणाच्या सुट्टीत हात पुढे धरून बोटांवर कागद ठेवून पाहिला. हलला. मग पंखा बंद केला. नाही हलला. पुन्हा पंखा लावला. वेडी झालेय मी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सरांना फोन. त्यांचा नियम मला पाठ आहे, तरी त्यांच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं. "आधी स्क्रू. मग साइट. मग गोळ्या. मग बैठक. ट्रिगर शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. गोळी चुकली की ट्रिगरच्या अंगावर जातात, कारण बोट तिथे असतं."

बैठक म्हणजे बेडिंग. रायफलचं पोलादी अंग लाकडात कसं बसलंय ते. दोन स्क्रूंनी घट्ट बसायला हवं, पण नळी मात्र पुढे लाकडाला कुठे टेकता कामा नये. सबंध अधांतरी! जरा कुठे टेकली की गोळीसरशी धक्का खाते आणि नेम ढकलून देते. कवळीसारखंच. एका जागी उंच लागली की सगळा जबडा दुखतो.

तर आज स्क्रू. सरांकडची ती नेमक्या जोरापर्यंतच फिरणारी किल्ली ते कुणाला देत नाहीत. बायकोलाही नाही. माझ्याकडे इम्प्लांटची तसलीच एक किल्ली आहे, पण ती इथे म्हणजे खेळणं! नेहमीच्या किल्लीने पाहिलं. दोन्ही स्क्रू घट्ट. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या चकत्यांचे, तेही घट्ट. घट्ट नाही तो फक्त माझा धीर.

१२ ऑक्टोबर, रविवार

गोळ्या बदलल्या. नवा डबा, दुसरी बॅच. आधी बऱ्या, मग पळपुट्या. पुन्हा वर-उजवीकडे.

सर त्यांच्या नव्या विद्यार्थ्यांना सांगत होते, मी शेजारी पडून ऐकत होते. "गोळ्या एकाच बाजूला जात असतील तर रायफलकडे बघा. चहूकडे उडत असतील तर आरशात बघा." मुलं हसली. माझ्या एकाच बाजूला जातायत, म्हणजे खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण घाबरलेल्या पेशंटला एक्स-रे दाखवला तरी त्याला वाटतं, ही बाई आता दात उपटणारच. तसं झालंय माझं. मनात म्हटलं, खांदा ढकलत असेन. बोट तिरकं पडत असेल. वय झालं असेल!

घरी आल्यावर शौनकला सांगितलं. म्हणाला, "डॉक्टरने स्वतःचं निदान करू नये म्हणतात ना?" म्हटलं, मी रायफलचं करतेय. "मग ठीक आहे," म्हणाला, "ती तरी गप्प बसून ऐकते."

१५ ऑक्टोबर, बुधवार

केलं मी उलटं. सरांना न सांगता रायफल घेऊन मरोळला गेले. निलेश तिथे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रायफली दुरुस्त करतो, रीतसर परवाना भिंतीवर लावलेला. त्याने पाहायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, ट्रिगर. शंभर टक्के ट्रिगर."

"बघितला कुठे अजून?"

"बघायला काय लागतं? नव्वद टक्के केसेस ट्रिगरच असतात."

शंभरचे नव्वद तिथल्या तिथे झाले. पण तो उघडून दाखवतो आणि समजावतोही नीट. ट्रिगर म्हणजे तरी काय? एक पोलादी कंगोरा दुसऱ्या कंगोऱ्याला अडवून धरतो. बोटाने दाबलं की अलगद सोडतो. त्यांच्यात वाळलेलं तेल साचलं की सुटायला कुरकुर करतात, कधी लवकर, कधी उशिरा. माझ्या ट्रिगरमध्ये होतं थोडं तेल. ते धुतलं, वजन लटकवून दाब बघितला, परत लावला. "एकदम मक्खन, मॅडम!"

"आणि बैठक? लाकडातून काढून बघायची का?"

"अरे सोडा ना! लाकडाला काय होतंय!"

रूट कॅनालवाल्याला सगळीकडे रूट कॅनालच दिसतं, कवळीवाल्याला कवळी. आमच्यात तेच, त्यांच्यात तेच. पण मला पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

मक्खन! पहिल्या वीस गोळ्या अशा की मी मनात निलेशला पेढे वाटले.

मग पट्टा आणखी एक भोक घट्ट केला. आठ. नऊ. आठ. वर-उजवीकडे.

पेढे परत घेतले.

सरांना मरोळचं सांगावंच लागलं. ओरडतील वाटलं होतं. नुसते म्हणाले, "घाबरलीस ना? घाबरला की माणूस ट्रिगरकडेच जातो." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी नाही का..." वाक्य तिथेच सोडलं, समोरचं टार्गेट बदलायला उठले.

२२ ऑक्टोबर, पाडवा

फराळाचा सीझन, म्हणजे आमचा धंदा. चकलीने दोन दाढा आणि एका बेसनाच्या लाडवाने (लाडवाने!!) एक कॅप. हात नीट चालला. एकही रडलं नाही.

शौनकला ओवाळलं. म्हणाला, ओवाळणीत काय हवं? म्हटलं, दुसरा हात. हसला, मग हसायचा थांबला. "गार्गी, तू खरंच घाबरलीयेस काय?"

हो रे. खरंच घाबरलेय.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुटले!! सुटले, सुटले, सुटले!

सुचलं मलाच. एवढे दिवस कसं नाही सुचलं! दात दुखतो म्हणणाऱ्याच्या दातावर आपण टकटक करतो, मग शेजारच्यावर करतो, तुलना करायला. तसंच. माझी रायफल दुसऱ्याने मारून बघायची! तीच रायफल, त्याच गोळ्या, हात वेगळा. आणि हात कुणाचा? ज्याने ऐन भरात सगळ्या राज्याला पाणी पाजलं त्याचा.

सर नाहीच म्हणत होते. चष्मा बदलायचाय, खांदा दुखतो, सवय राहिली नाही, त्या अमक्याला सांग मारायला. मी हटून बसले. "सर, माझ्या हाताचा प्रश्न आहे. क्लिनिकचा आहे." तेव्हा माझ्याकडे बघितलं. मग मॅटवर आडवे झाले.

मी दुर्बिणीतून बघत होते. पहिली, सात! दुसरी, नऊ. तिसरी, आठ. सरांची! मी तिथेच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या लेनवाल्याने वळून बघितलं. आपल्या गुरूच्या गोळ्या चुकल्यावर टाळ्या वाजवणारी मी या रेंजवरची पहिलीच असेन.

उठताना सर म्हणाले, "रायफलच गं. नक्की रायफलच आहे." आणि हसले. खूप हसले, माझ्यापेक्षाही जास्त. टार्गेट घडी करून खिशात घालत होते, ते मी ओढून घेतलं. "हा माझा निर्दोष असल्याचा दाखला आहे, सर! फ्रिजवर लावणार."

निघताना त्यांनी त्यांची ती किल्ली माझ्या हातात दिली. "घेऊन जा. बैठक उघडशील तेव्हा लागेल."

"तुम्ही नाही येणार?"

"आता तूच फिरवत जा. डॉक्टर आहेस."

सरांची किल्ली, माझ्याकडे! घरी येताना पवईच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात गाणं म्हणत आले. रिक्षावाल्याने आरसा दोनदा फिरवला.

दोन्ही टार्गेटं फ्रिजवर लावली, एक माझं, एक सरांचं. मधे शौनकच्या वाणसामानाच्या चिठ्ठीला थोडी जागा ठेवलीय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नोटेची परीक्षा. नळी आणि लाकूड यांच्या फटीत कोरी नोट सरकवायची. सरसर शेवटपर्यंत गेली की नळी मोकळी. माझ्याकडे होती ती दहाची, चुरगळलेली. गेली शेवटपर्यंत, पण एका जागी जरा अडखळली. नोट जुनी म्हणून सोडून दिलं.

आंघोळ करताना आठवलं. पेशंट म्हणतो, 'डॉक्टर, एका जागी जरासं लागतंय, पण असू दे.' मी कधी असू देते का?

नाही देत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं! नीट लिहिते, पहिल्यापासून.

दुपारी क्लिनिक बंद असताना रायफल तिकडे नेली. बोल्ट काढून ठेवलेला, रिकामी. आणि काढला आमचा निळा कागद. फिलिंग केल्यावर दातांमध्ये धरून 'चावा' म्हणतो तो. जिथे उंच लागतं तिथे निळा ठिपका उमटतो. तो इतका पातळ की दहाची नोट त्याच्यापुढे गोधडी. पट्टी कापून नळीखाली सरकवली. नुसतं सरकवून भागणार नव्हतं. पळपुट्या गोळ्या पट्टा आणखी आवळल्यावरच येतात ना! पट्टा ओढला की लाकूड केसाएवढं वाकतं. म्हणजे दात नुसते मिटून चालायचं नाही, चावायला हवं. मग काय, झोपले क्लिनिकच्या फरशीवर पालथी, पट्टा दंडात, रायफल खांद्याला, नेम थुंकीच्या बेसिनवर.

तेवढ्यात शेवंती जेवून आली. माझी असिस्टंट, बारा वर्षांची सोबत, मूळची कणकवलीकडची.

"गे बाय माझे! ताईनू, पडलास काय?"

"पडले नाही. पट्टा ओढ. अजून. अजून!"

"रायफलीचो दात काढूक घेतलास की काय?"

कागद बाहेर काढला. एकच निळा ठिपका, ठसठशीत. नळीच्या खाली, डाव्या अंगाला. खालून डावीकडून ढकललं की गोळी जाणार कुठे? वर, उजवीकडे!! मी शेवंतीला मिठी मारली. तिला कळलं नाही कशाबद्दल, पण तिनेही मारली.

स्पर्धेआधी बैठक उघडू नये म्हणतात. पुन्हा बसायला वेळ लागतो. पण दोन आठवडे आहेत. सरांच्या किल्लीने दोन्ही स्क्रू सोडले, पोलाद लाकडातून उचललं. खोबणीत आधी काहीच दिसलं नाही. मग खुर्चीचा दिवा ओढला, तोंडाचा आरसा घेतला, आणि प्रोबने तळाशी चाचपलं. एका जागी टोक अडलं. काळपट लाल, तेलाने माखलेलं, लाकडाला गोंदासारखं चिकटलेलं. टोकाने सोडवून ट्रेमध्ये टाकलं.

शेवंतीने वाकून बघितलं. "ता अक्षतेचो दाणो, ताईनू. टाकू नकात हां, देवाचो आसा."

अक्षता! कुंकवाच्या, खंडेनवमीच्या! पूजेतला एक दाणा फटीतून आत गेला, तेलात चिकटून बसला, आणि त्याने माझी महिनाभर झोप उडवली. हात नाही, वय नाही, ट्रिगर नाही. तांदूळ! अख्ख्या जगात असली बिमारी आमच्याच रायफलींना व्हायची!

टाकला नाही. लहान मुलांचे दुधाचे दात घरी न्यायला आम्ही देतो ना त्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलाय.

सरांना लगेच फोन. सगळं सांगितलं, निळा ठिपका, आरसा, सगळं. पलीकडून म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातचं."

"हो सर! म्हटल्या नव्हत्या का काकू, पेरणी म्हणून!"

"माझ्याच हातचं," पुन्हा म्हणाले. मग, "शाब्बास. निदान चांगलं केलंस."

२ नोव्हेंबर, रविवार

खोबणी पुसून, सरांच्या किल्लीने नेमक्या जोरावर स्क्रू आवळून रेंजवर. पट्टा घट्ट केला, आणखी एक भोक. मुद्दाम. एकही पळपुटी नाही. एकही! सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच भोक, बोराएवढं.

"आता तुम्ही मारा ना सर! बघा कशी झालीय."

"आता कशाला? कळलं ना काय होतं ते."

"गंमत म्हणून."

"गंमत तूच कर." हात खिशात, आणि चालू लागले. मूड नव्हता बहुतेक.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वनमालाबाईंची शेवटची बैठक. "आज अगदी पिसासारखा लागला हो हात!"

बाई, हात तोच आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सरांकडे, आशीर्वादाला. प्रेमाकाकूंनी चहा आणला. मला भरून, सरांना अर्धा कप. म्हटलं, काकू, सरांवर रेशन? "हल्ली ह्यांना अर्धाच लागतो," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. सर स्पर्धेचंच बोलत होते. वारा, श्वास, घाई नको. नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. दात दाखवायला कधी, ते विचारायचं राहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मी संघात!!!

हात दुखतोय लिहून लिहून. सगळ्यांना मेसेज केले. शेवटच्या दहा गोळ्यांना तोंड कोरडं पडलं होतं. मनात फक्त सरांचा आवाज, घाई नको. तिसरी आले. तिसरी! माझ्यापुढच्या दोघी मला मावशी म्हणतात.

डबी खिशात होती. शकुनाची म्हणून नाही. तांदळावर नजर ठेवायला.

सर मागे त्याच खुर्चीवर. मी धावत गेले तर उभे राहिले, डोळे भरलेले. मीही रडले, भर रेंजवर, त्या जाडजूड नेमबाजीच्या जॅकेटात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी शौनक दूध काढायला फ्रिजपाशी. बराच वेळ दार उघडं. मी ओरडले, गार हवा जातेय! तो तिथूनच म्हणाला,

"एक विचारू? हे तुझं जुनं टार्गेट. यातल्या चुकलेल्या सगळ्या वर-उजवीकडे. बरोबर? तांदूळ ढकलत होता म्हणून."

"हो. मग?"

"मग सरांच्या सगळीकडे का? वर, खाली, डावीकडे. तांदूळ तर तोच होता ना?"

त्याला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नाही. ऑफिसात दिवसभर आकडे आणि आलेख बघतो, म्हणून दिसलं. मी रोज त्या फ्रिजमधून दही काढलं, लोणी काढलं. मला नाही दिसलं. मला सुटायचं होतं, म्हणून मला हवं तेवढंच दिसलं.

'चहूकडे उडत असतील तर आरशात बघा.'

खुर्चीत बसले. मग एकेक आपोआप आलं. खिशातले हात. अर्धा कप. किल्ली — 'आता तूच फिरवत जा.' लग्नासारख्या उडालेल्या अक्षता, आणि आम्ही सगळे हसलो होतो. क्लिनिकमध्ये यायचं टाळणं. तोंडात हात घालून तपासणारी बाई आधी पेशंटचे हात बघते, हे त्यांना माहीत आहे. मीच सांगितलंय, कधीतरी कौतुकाने.

आणि मी टाळ्या वाजवल्या. त्यांची गोळी सातात गेल्यावर मी टाळ्या वाजवल्या!

दुपारचे पेशंट पुढे ढकलले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पेढे घेऊन अंधेरीला. सरांनी हात पुढे केला नाही, "ठेव तिथे टेबलावर" म्हणाले. मी ठेवले नाहीत. जवळ जाऊन पेढा सरळ त्यांच्या तोंडात भरवला. तेव्हा त्यांना कळलं, मला कळलंय ते.

सावकाश खाल्ला. मग खिशातून उजवा हात काढून माझ्यापुढे धरला. पंखा बंद होता. तरी हलला.

"ट्रिगर की बैठक, डॉक्टर?"

"आधी स्क्रू, सर," मी म्हटलं. "ट्रिगर शेवटी."

गुरुवारी क्लिनिक बंद. हातांच्या डॉक्टरांकडे सरांबरोबर मी जातेय.